खुंटीला बांधलेली शेळी

साल विचारू नका, आठवणीवर माझाच भरवसा नाही. पण गाव मुठा, हे नक्की. पुण्याला पाणी नेणाऱ्या नळाची आखणी मी नवखा इंजिनिअर करत होतो. साहेब तपासायला यायचे त्याच सकाळी आखणीसाठी मी ठोकलेल्या रांगेतली एक खुंटी भलतीकडे, आणि तिला शेळी बांधलेली! शेजारी धनगराची म्हातारी.

"आजी, खुंटी कुणी हलवली?"

"म्याच, लेकरा. हितं चारा बरा हाय."

"अहो, इथून पुण्याचं पाणी जायचंय!"

"मग जाईल की वळून. पाण्याला कुटं दावं हाय?"

तेवढ्यात साहेब आलेच. नोकरी गेली, असं धरून मी उभा राहिलो. त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं. "खडक चुकवलात वाटतं. शाब्बास!"

निवृत्तीनंतर खात्री करायला मुद्दाम गेलो. नळ तिथे खरंच वळलाय, आणि वळणावरच्या व्हॉल्व्हला शेळी बांधलेली होती.