एकाच पाकळीचा लसूण

मुलुंडच्या फिजिओथेरपी केंद्रात नंबर लावून बसलेल्या गंधालीला आधी लसणाचा वास आला, मग मागच्या बाकावरच्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकू आलं.

“अहो, दवाखान्यात लसूण घेऊन आलात?”

“तुझाच आहे शांता, खिडकीतल्या कुंडीतला. काल उपटला.”

“हा? एकच गोल गोटा! पाकळ्या कुठायत?”

“नर्सरीवाला म्हणाला, आपल्याकडे थंडी कमी, म्हणून फुटला नाही. दिवाळीआधी महिनाभर फ्रीजमध्ये ठेवायचा नि पुन्हा लावायचा. मग पाकळ्या धरतात.”

“तुम्हीच लावा. माझा आज इथला शेवटचा दिवस, उद्यापासून यायची नाही मी. चार महिने झाले, मूठ वळत नाही.”

“लावला कोणी होता? याच डाव्या हाताने ना?”

“अर्धी माती लादीवर सांडली होती.”

“झाडली मीच. पण उगवला ना?”

“डोकं नका खाऊ.”

आतून पुकारा झाला. “शांता साळवे!”

“आणा तो इकडे. उजव्या नाही, या हातात द्या.”

“पडेल गं.”

“पडू दे, उचलू. दिवाळी कधी आहे?”

“सहा महिने आहेत.”

“मग बसून काय राहिलात? उद्याचा नंबर लावा.”