रविवारचा बैल, सोमवारचा बैल

(अमरावती, १९५८. मिशन दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स माणिकबाईंची ओसरी. समोर मोर्शीकडचा डोमाजी तेली आणि त्याची बायको गोदाबाई. फाटकाला दोन बैल बांधलेले.)

डोमाजी : इंजिनाची गिरणी आली अन् आमचा घाना बंद पडला, हे खरं हाय. तो पुन्हा चालू कराले तुमी पाचशे देता, तेबी खरं. पन व्याज नको म्हनता, अन् वरून म्हनता, बुडाले त माह्येबी बुडाले. असं कोनी बोलते काय, बाई? गावात लोक म्हन्तेत, डोम्याले बाटवून राहिली.

माणिकबाई : तुम्हाला बाटवून आमच्या मंडळीला काय मिळणार? उपदेश सुरू व्हायच्या आधी घोरायला लागाल. मी कर्ज देत नाही, भागीदार होते. चौथा हिस्सा माझा. प्रभूनं दिलेलं मला पेटीत कुजवायचं नाही, एवढंच. तेलात भेसळ नाही, कबूल?

डोमाजी : कबूल.

माणिकबाई : तेल काढून उरलेली ढेप अकोल्याच्या व्यापाऱ्याला विकायची नाही. ज्यांच्या वावरातलं जवस, त्यांच्याच गुरांना. जमिनीचं जमिनीला परत गेलं पाहिजे.

डोमाजी : तो व्यापारी दोन पैसे जास्त देते. पन जाऊ द्या, कबूल.

माणिकबाई : आणि रविवारी घाणा बंद. तो प्रभूचा दिवस.

डोमाजी : इथंच त गाडं अडते! तेल्याचा घाना सोमवारी बंद रायते, बाई. महादेवाचा वार. त्या दिवशी नंदीले जुपत नाही आमी. आता रविवार तुमचा, सोमवार महादेवाचा. दोन दिवस बैल उभ्या उभ्या खाईन, अन् मी काय खाऊ?

माणिकबाई : सोमवार तुमचा, त्याला मी हात लावत नाही. पण रविवार मी सोडणार नाही.

डोमाजी : म्हनून त साळ्याचा, हिच्या भावाचा, बैल मांगून आनला! तो तांबडा तुमच्या प्रभूचा. रविवारी आराम, सोमवारी काम. हा पांढरा महादेवाचा. सोमवारी आराम, रविवारी काम. घाना साती दिवस चालू अन् दोन्ही देव खुश!

माणिकबाई : अहो, बैलाला ख्रिस्ती केलंत?

डोमाजी : छ्या! नुसती सुट्टी बदलली त्याची.

माणिकबाई : आणि तो माझा मोगरा खातोय, त्याचं काय?

डोमाजी : हुर्र! हुर्र! तो महादेवाचा हाय, बाई. तुमचा लय गरीब हाय.

माणिकबाई : डोमाजी, विसावा बैलाला तसा माणसालाही हवा. तुम्ही कधी घेणार?

डोमाजी : मी? मी त घान्याच्या आडव्या लाकडावर, लाटेवर, बसूनच असतो. बैल फिरते, त्याच्यासंग मी फिरतो. याच्याहून मोठा आराम कोनता?

माणिकबाई : मग काम कोण करतं?

गोदाबाई : मी.

डोमाजी : तू कायले मधात बोलतं?

माणिकबाई : बोलू द्या त्यांना.

गोदाबाई : जवस मी चाळते. घान्यातली ढेप मी खोदते. तेल मी गाळते, बजारात मी नेते. सोमवारी घाना बंद, त गोठा अन् सारवन. पंधरा वर्सं झाले. इथं बैलाच्या वाराचा एवढा इचार चालून राहिला तुमच्या दोघायचा. माह्या वार कोन्या देवापाशी हाय, ते इचारलं काय कोनी?

डोमाजी : घ्या! घरात चकार शब्द नाही, अन् इथं भाषन!

गोदाबाई : घरात बोलाले टाइम कुठं हाय?

माणिकबाई : गोदाबाई, चुकलं माझं. मीसुद्धा बैलाचंच धरून बसले. डोमाजी, रविवारी यांना सुट्टी. चाळणं, गाळणं, गोठा, भाकरी, काहीच नाही.

डोमाजी : भाकरीबी नाही? मंग थापन कोन?

माणिकबाई : हात आहेत की तुम्हाला.

डोमाजी : अन् हे नसली त घाना चालन कसा? मले त ढेप खोदता येत नाही!

माणिकबाई : मग बंद ठेवा.

डोमाजी : म्हंजे फिरून तिथंच आलो! दोन दिवस बंद!

गोदाबाई : पाच दिवस चालन त चालन. आता बंदच हाय, ते परवडते काय? हो म्हना.

डोमाजी : ...बरं, हो. साळ्याचा बैल वापस करा लागन.

माणिकबाई : उद्या येऊन पैसे न्या. आणि गोदाबाई, घाणा लागला की पहिल्या रविवारी काय कराल?

गोदाबाई : पयले त पाहीन, बाई, मले बसता येते का नाही.