ऐकणारा दादा, लिहिणारा मी

...आणि वर सगळे मलाच विचारतात, “अहो, तुम्ही शेजारीच उभे होतात ना? मग बोलला का नाहीत?” अहो, बोलणारा मी कोण? मी आपला लिहिणारा!

तुम्हाला सांगतो, आमचा दादा, माझा सख्खा थोरला भाऊ, सोळा वर्षं नदीकाठचे पक्षी मोजत होता. भूमापन खात्यात नकाशे काढून काढून निवृत्त झाला, पण नकाशाची खोड काही जाईना! माणसं निवृत्त झाली की झोपा काढतात, हा उजाडायच्या आत पायवाटेवर हजर! पुलापासून पंपघरापर्यंत दोन किलोमीटर, विणीच्या हंगामात सहा फेऱ्या, आणि जिथं नर गाताना ऐकू येईल तिथं नकाशावर टिंब. त्याच जागी तीन-चारदा टिंब पडलं की समजायचं, इथं घरटं आहे. पक्षी दिसायचीसुद्धा गरज नाही, सगळा कानांचा कारभार!

मग दादाचे गुडघे कुरकुरायला लागले आणि वहिनींनी मला जुंपलं. “भाऊजी, नाहीतरी घरी लोळतच असता, जा की त्यांच्याबरोबर!” गेलो. पहिल्याच दिवशी दादानं माझ्या हातात कागद लावलेली फळी दिली, पेन्सिल दिली आणि दम दिला, “हे बघ, ऐकणारा एक, लिहिणारा एक. दोघं ऐकायला लागले की एकच पक्षी दोनदा मोजला जातो. तू तोंड उघडायचं नाही.” नाही उघडलं! दोन वर्षं नाही उघडलं! मी आपला लिहिणारा!

आणि गेल्या हंगामात... तिसऱ्या बाकाशी बोरूच्या उंच गवताचं दाट बेट होतं, त्यात वटवट्या. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण चोख ठेवलंय! एवढासा मातकट जीव, पण थांबेल तर शपथ! बोरूच्या शेंड्याला लटकून असा काही बडबडत होता की माझ्या कानाला दडे बसायची वेळ आली. दादा घड्याळ धरून पाच मिनिटं उभा राहिला, आणि म्हणाला, “शून्य लिही.”

मला वाटलं, गंमत करतोय. दादा आणि गंमत! “अरे दादा...” म्हटलं, तर डोळे वटारून, “लिही!”

लिहिलं.

घरी येऊन वहिनींना हळूच सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला ठाऊक आहे. फोन वाजतो, यांचं लक्ष नसतं. बारीक आवाज गेलेत त्यांचे. पण भाऊजी, त्यांना सांगू नका हं, त्या कानांवरच तर जगतात ते.” आता बोला! दादा म्हणतो तोंड उघडू नकोस, वहिनी म्हणतात सांगू नका. पाच फेऱ्या, पाच शून्यं. मी आपला...

आणि ते कागद जायचे कुठं, माहितीये? बांधकामाच्या कचेरीत! पायवाट रुंद करायची होती. बोरूत घरटी असली तर पिल्लं उडेपर्यंत हात लावायचा नाही, नसली तर मोकळं रान. मला हे कळलं पाचव्या फेरीनंतर. तसाच धावत गेलो. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, “तुमच्या भावाचे आकडे सोळा वर्षांत एकदाही चुकले नाहीत. ते बहिरे झालेत म्हणता? द्या लेखी.”

पेन पुढं केलं त्यांनी. एवढं लिहून लिहून हात बसलेला, पण तुम्हाला सांगतो, ती एक ओळ नाही लिहवली. “उद्या देतो,” म्हटलं आणि घरी आलो.

उद्या सहावी फेरी होती. आम्ही पोचलो तर तिसऱ्या बाकाशी यंत्र उभं, बोरू आडवा! चालवणारा ओरडतोय, “काका, बाजूला व्हा!” दादा वाकला आणि त्या ढिगातून त्यानं घरटं उचललं. चार देठांना विणलेली वाटी, आत तीन पिल्लं, तिन्ही चोची आ वासलेल्या. त्यानं ते कानाशी धरलं. मग दुसऱ्या कानाशी. मग माझ्याकडे बघितलं.

“ओरडतायत ना रे?”

“हो.”

“मोठा पण गात होता?”

“पाची वेळा.”

रागावला नाही हो! रागावला असता तर बरं झालं असतं. घरटं उरलेल्या चार काड्यांत नीट बसवलं आणि बाकावर बसला. आईबाप दोनदा वरून फिरले, खाली काही उतरले नाहीत. दुपारपर्यंत एकही चोच उघडेना. तेव्हा दादानं माझ्याकडून फळी घेतली, पाच शून्यं खोडली आणि खाली नकाशासारख्या सुबक अक्षरांत लिहिलं, ‘चूक माझी. मला ऐकू येत नाही.’ स्वतः नेऊन दिलं. आठवड्यानं उत्तर आलं, ‘नोंद घेतली. काम पूर्ण झाले आहे.’

आता दादानं कानात यंत्र बसवून घेतलंय. सगळं ऐकू येतं! वहिनी स्वयंपाकघरात पुटपुटतात तेसुद्धा! फक्त पायवाटेवर पाऊल ठेवलं की काढून खिशात टाकतो. मी म्हटलं, “अरे, इथंच तर हवं ना ते!”

तर म्हणाला, “राहू दे. पक्षी आहेत, मलाच ऐकू येत नाहीयेत, एवढं तरी म्हणता येतं.”