मागची सीट

(परदेशात, नीलांबरी राहते त्या हॅमिल्टन शहराहून तीन तासांवर, बर्फाच्या डोंगराच्या पायथ्याचं वाळवंट. मार्च २०१६, सकाळ. चार चाकांच्या दोन क्वाड बाइक उभ्या : पुढची गाइड धैर्यशीलची, मागची मायलेकींची.)

धैर्यशील : न्हाई काकी, असं न्हाई चालायचं. पाय दोन बाजूंना टाका.

सुलभा : अरे बाबा, चाळीस वर्षं ह्यांच्या स्कूटरवर एका बाजूला बसले. अंगवळणी पडलंय.

नीलांबरी : आई, प्लीज. आज साडी नाहीये, ट्रॅकपँट घातलीयेस तू.

सुलभा : पँट बदलली म्हणून बूड बदलतं का गं? हं, टाकला पाय. झालं समाधान?

धैर्यशील : स्वीट ॲज, एकदम झकास! ताई, माझ्या चाकांच्या खुणांवरूनच या. वरच्या टेकाडावर थांबू.

नीलांबरी : घट्ट धर, आई.

सुलभा : धरलंय. दुसरं करायचंय काय मागे बसून?

*

धैर्यशील : पोचलो. इंजिन बंद करा. इथं पाच मिनिटं कुणी बोलायचं न्हाई, ही आपली रीत.

सुलभा : झाली का रे पाच मिनिटं?

धैर्यशील : दोनच झाली, काकी.

सुलभा : मग हळू बोलते. समोर बर्फ, पायाखाली काळी राख आणि मधे काहीच नाही. पहाटे डोळा लागल्यावर दिसतं ना, तसं वाटतंय. मी खरंच आलेय ना इथे?

नीलांबरी : आलीयेस गं. ती ढगाची सावली बघ, आपल्याकडेच येतेय.

सुलभा : कुणीतरी झोपलेल्या पोरावर गोधडी ओढतंय, तशी. पण रे, वाळवंट म्हणतोस आणि हे गवत?

धैर्यशील : पाऊस हीप्स, म्हंजे रग्गड पडतो, पण ज्वालामुखीच्या राखेत पाणी ठरत न्हाई. वर हा वारा. बाकी काही टिकत न्हाई, हे गवत तेवढं तगतंय.

सुलभा : एकटंच?

धैर्यशील : एकटंच की.

नीलांबरी : आता तू माझ्याकडेच राहणार, नेहमीच येऊ आपण इथे, आई. सोमवारी मुखत्यारपत्रावर तुझी सही झाली की पुढचं सुरेशमामा बघेल. साताऱ्याच्या घराला गिऱ्हाईकही चांगलं आहे.

सुलभा : धैर्यशील, ही गाडी मला चालवता येईल?

नीलांबरी : तुला? काहीतरीच काय!

धैर्यशील : जमीन खाजगी आहे, पण आमच्या मालकाला लायसन्स लागतं, काकी.

सुलभा : हे घे.

नीलांबरी : आई! हे कधी काढलंस?

सुलभा : शहाऐंशी साली. तू पाळण्यात होतीस. ह्यांनीच शिकवलं पोलीस ग्राउंडवर. आणि मग दर वेळी किल्ली मागितली की, 'मी आहे ना!' हे गेल्यावर गेल्या वर्षी मीच आरटीओच्या रांगेत उभी राहिले आणि नवं करून घेतलं.

नीलांबरी : कशाला पण?

सुलभा : मलाही नव्हतं माहीत. आत्ता कळतंय.

धैर्यशील : बसा. गिअर न्हाई, पाय नुसते ठेवायचे. उजव्या अंगठ्यानं हळू दाबा. सपाटीवरनं त्या खडकाला वळसा घालून यायचं. मी बाजूनं येतो.

नीलांबरी : आई, जपून! आई, हळू!

सुलभा : अगं बाई... चालली!

*

धैर्यशील : फस्क्लास, काकी! वळणावर जरा घाबरला न्हवं?

सुलभा : जरा? देव आठवले सगळे. तरी वळले.

नीलांबरी : तू रडतेयस?

सुलभा : वाऱ्याने असेल. नाही, रडतेच आहे. अगं, आज पुढ्यात कुणाची पाठ नव्हती. चाळीस वर्षं महाबळेश्वरचा घाट मी डावीकडचाच पाहिला. उजवीकडे काय होतं, मला ठाऊकच नाही. समोर ह्यांचा शर्ट. आणि आज सकाळपासून तुझं जॅकेट.

नीलांबरी : आई...

सुलभा : मी सोमवारी सही करणार नाही, नीला. मला साताऱ्याला जायचंय. माझ्या घरी.

नीलांबरी : एकटी? पडलीस, आजारी पडलीस तर? इथे मी आहे ना!

सुलभा : हेही असंच म्हणायचे. मायेने म्हणायचे, तीच तर पंचाईत. रागाने म्हणाले असते तर भांडून किल्ली घेतली असती.

नीलांबरी : बाबा गेले तेव्हा मला पोचायला दोन दिवस लागले. दवाखान्यात दिवसभर लोकांच्या गोळ्या मोजून देते मी, आणि माझ्या बापाच्या तोंडात पाणी घालायला नव्हते. पुन्हा तसं नको मला.

सुलभा : ये इकडे. भीती मलाही वाटते, बाळा. रोज वाटेल. पण तुझ्या भीतीसाठी मी माझं घर मोडू का?

नीलांबरी : ...नको.

सुलभा : दरवर्षी येईन. तूही येत जा. तोवर स्कूटी घेते, घाट दाखवते तुला.

धैर्यशील : काकी, ताई, ढग उतरायला लागलेत. निघायला हवं. गाडी कोण चालवतंय?

नीलांबरी : आई, पण हळू चालव हं.

सुलभा : बस मागे. आणि मला धरलंस तरी दोन्हीकडे बघ.