तेल वाईट म्हणे!

...आणि वर मलाच सांगतात, "धोंडप्पा, तेल बंद करा!" मला! अहो, वैरागला पन्नास वर्षं करडईचा घाणा चालवला मी, अंगाचा वास अजून गेला नाही, आणि जुळे सोलापुरात पोराच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तर दुसऱ्या मजल्यावरचे चिंतामणी मास्तर मला तेल शिकवतात! तुम्हाला सांगतो, मी कमी बोलणारा माणूस, एका शब्दाला दोन घोट चहा लागतो मला, पण गोष्ट तेलावर आली की... तेल वाईट म्हणे!

झालं काय, आमच्या मंडळींची, सुंदरम्माची, बोटं सुजली. सकाळी मूठ मिटेना. जिच्या हातची कडक भाकरी पापडासारखी वाजायची, तिला वेणीचा पेड धरता येईना. डॉक्टर म्हणाले, सांध्यांचा आजार आहे, अंगातल्या राखणदार पेशी चोर सोडून घरच्याच सांध्यांवर तुटून पडल्यात. या गोळ्या घ्या, रोज, एकही चुकवायची नाही. सरळ बोलले बिचारे. पण कॉलनी गप्प बसते होय? चिंतामणी मास्तर चष्मा कपाळावर चढवून, "सूज म्हणजे चरबी, चरबी म्हणजे तेल, सोप्पं गणित आहे!" शाळेत काय गणित शिकवायचे? नाही हो, चित्रकला! खालच्या इंद्रायणीबाई, "काका, काकूंची शेंगाचटणी आधी बंद करा हं, आमच्या नणंदेला लगेच उतार पडला..." नणंदेला काय झालं होतं? मुतखडा!

मग महिनाभर घरात सगळं उकडलेलं. वांगंसुद्धा! ताटातल्या त्या वांग्यानं माझ्याकडं असं बघितलं की मलाच लाज वाटली. सुंदरम्मा मुकाट खायची. सूज तिथल्या तिथं. आणि तेल वाईट म्हणे!

तेवढ्यात हॉस्टेलवरून सुट्टीला नात आली, महेश्वरी, कॉलेजात पेशींचंच शिकते. तिनं कॅलेंडरच्या मागं एक गोल काढला. "अज्जा, ही राखणदार पेशी. हिची भिंत कशाची असते, सांग." मी म्हटलं, मातीची? "तेलातुपाच्या जातीची, अज्जा! दोन पदरी." तुम्हाला सांगतो, मी उठून उभाच राहिलो! प्रत्येक पेशीला तेलाची भिंत... म्हणजे मास्तरांच्यासुद्धा! "अज्जा, बस की, पुढं ऐक. जंतू आला की पेशी आपल्याच भिंतीतला तेलाचा एक तुकडा तोडते आणि त्याचा निरोप करते, धावा, धावा! मग लाली, सूज, ठणका. काम झालं की भिंतीतल्याच दुसऱ्या तेलाचा दुसरा निरोप निघतो, बास, आवरा आता. अज्जीच्या सांध्यात ते आवरणंच होत नाही." मी विचारलं, ते आवरणारं तेल मिळतं कुठं? "भिंतीत कुठलं तेल बसतं, ते थोडं खाण्यावरही असतं. मासे..." शिव शिव! लिंगायताच्या घरात? "मग जवस. पण जवसातलं अगदी थोडंच तसं बनतं हं, आणि औषधाची जागा..."

हे शेवटचं मी ऐकलंच नाही. ऐकणार कसं, मी जिन्यात पोचलो होतो! मास्तरांचं दार वाजवलं, म्हटलं, "मास्तर, तुम्ही नखशिखांत तेलाच्या भिंतींचे आहात!" मास्तरांचा कपाळावरचा चष्मा घसरून थेट नाकावर आला. मग काय, जवसाची चटणी, भाजीवर जवसाचं कच्चं तेल, आणि ताटावर माझं व्याख्यान. त्या तोऱ्यात एकदा बोलून गेलो, डॉक्टरला तेलातलं काय कळतंय? एकच वाक्य. उगाच.

तीन आठवड्यांनी सकाळी तिच्या हातून पाण्याचा तांब्या सुटला. मनगटंही फुगलेली. गोळ्यांची पाकिटं बघतो तर भरलेली, जशीच्या तशी!

"अगं, गोळ्या?"

"सोडल्या की. तुमीच म्हणला न्हवं, डॉक्टरला तेलातलं काय कळतंय."

"म्हणून सोडायच्या? मला विचारायचं तरी!"

"इचारायचं काय त्यात? पन्नास वर्सं तुमचं तेल खाल्लं, एकदाबी खवट निघालं न्हाय."

मास्तरांनी माझं वांगं उकडलं म्हणून मी गावभर त्यांची अक्कल काढत फिरलो, आणि मी कुणाचं काय केलं? डॉक्टर ओरडले, मी मान खाली घातली. महेश्वरी फोनवर रडकुंडीला आली, "अज्जा, मी भिंत समजावली, औषध सोडा असं कुठं म्हटलं?" तेल वाईट म्हणे... तेल नाही हो, तेलवाल्याचं तोंड!

गोळ्या परत सुरू केल्यात. महिना झाला, बोटं अर्धी मिटतात. तिची वेणी सध्या मी घालतो, रोज वाकडी येते, ती रोज म्हणते, "असू द्या, चांगली हाय." सकाळची गोळीही मीच हातावर ठेवतो. आणि सुंदरम्मा काय करते माहितीय? लगेच गिळत नाही. महेश्वरीला व्हिडिओ कॉल लावते, पाकीट उलटंसुलटं दाखवते, "हीच न्हवं, बाळ?" असं विचारते, तिकडून होकार आला की मगच तोंड उघडते. पन्नास वर्षांत पहिल्यांदा बाई माझ्या हातचा माल तपासून घ्यायला लागली... घेऊ दे, बरोबरच आहे तिचं!