पाठमोरी

हवालदार : नाक कसं होतं, मास्तर?

शिंपी : बरं होतं.

हवालदार : बरं नाक कसं काढायचं? लांब, आखूड, बसकं, काहीतरी बोला. पावणेअकराला मुलाखतीची घंटा होईल. त्याआधी साहेबांची फेरी. कैद्यासाठी चित्र काढत बसलोय हे दिसलं, तर मलाही इथेच तुमच्या शेजारी मशीन मिळेल.

शिंपी : लांबट असावं.

हवालदार : असावं? अहो, बायको तुमची!

शिंपी : तेच तर. दाखवा बघू झालं तेवढं. साहेब, ही कोण?

हवालदार : तुम्ही सांगितली तशीच.

शिंपी : ही साबणाच्या वेष्टनावरची बाई आहे. एवढ्या लांब पापण्या नव्हत्या तिच्या.

हवालदार : नोकरीआधी दहा वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. हात त्याच वळणावर जातो, काय करू?

शिंपी : पोरीला काय दाखवू मी? पत्रात लिहिलंय तिने. लहानपणीच मामाकडे पाणी शिरलं, आईचे सगळे फोटो गेले, तुमच्याकडचा एक तरी बघू दे. चौदा वर्षांत पहिल्यांदा येतेय, तीही त्या फोटोसाठी. आणि मी तो सदऱ्याच्या खिशात विसरलो, सदरा धुलाईला टाकला. परत आला तो पांढरा लगदा.

हवालदार : मग कळवलं नाहीत तिला?

शिंपी : तीन वर्षं झाली. दर पत्रात लिहितो, फोटो रोज बघतो म्हणून.

हवालदार : धन्य आहात. मग हीच द्या. सांगा, फोटोवरून काढून घेतली. आई गेली तेव्हा पोर सहा वर्षांची. तिला काय कळणार?

शिंपी : द्यावी म्हणता?

हवालदार : निदान समाधानाने घरी जाईल.

शिंपी : आणि जन्मभर परक्या बाईला आई म्हणेल. नको. फाडा ती.

हवालदार : फाडतो. पण एकच फॉर्म उरलाय मागून कोरा. आता नीट सांगा.

शिंपी : खरं सांगू? तिचं तोंड मला आठवतच नाही. पाठ आठवते.

हवालदार : पाठ?

शिंपी : एका खोलीचं दुकान आमचं. मी आत मशीनवर. ती दाराशी बसून काजं करायची, उजेड तेवढाच. दिवसभर माझ्याकडे पाठ. खांदा चौदा इंच. उजवा अर्धा इंच उतरता. ब्लाउजला त्या बाजूने मी आतून पट्टी घालायचो, कुणाला कळायचं नाही. मानेवर डावीकडे तीळ. अंबाडा कायम सुटायला आलेला. सुई ओढताना कोपर असं बाहेर यायचं.

हवालदार : सावकाश, सावकाश. उजवा ना उतरता?

शिंपी : उजवा. अजून थोडा. अजून... बास. थांबा.

हवालदार : काय झालं? चुकलं?

शिंपी : नाही. आत्ता हाक मारणार होतो तिला.

हवालदार : घंटा झाली. उठा. हे तपासलं म्हणून माझ्या हाताने पलीकडे देतो. तुम्ही आधी तोंड धुवा.

(मुलाखतीची खोली. मध्ये जाळी. अलीकडे शिंपी, पलीकडे मुलगी. दारात हवालदार.)

मुलगी : मी फोटो मागितला होता, बाबा.

शिंपी : फोटो नाही, बाळ. धुलाईत गेला. तीन वर्षं झाली.

मुलगी : आणि रोज बघतो म्हणून लिहीत होतात?

शिंपी : खोटं लिहीत होतो.

मुलगी : मामी म्हणालीच होती. ज्याने भांडणात माणसाच्या पोटात कात्री घातली, त्याच्या शब्दावर कशाला जातेस?

शिंपी : बरोबर आहे तिचं.

मुलगी : आणि ह्या चित्राला तोंड कुठाय?

शिंपी : आठवत नाही.

मुलगी : आईचं तोंड आठवत नाही तुम्हाला?

शिंपी : नाही गं. रोज आठवून बघतो. नाही येत. ही पाठ मात्र तिचीच आहे, इंचाइंचाने.

हवालदार : तोंडाचं पण काढलं होतं मी, पोरी. चांगलं देखणं. यांनी फाडायला लावलं.

मुलगी : का?

शिंपी : ती तुझी आई नव्हती.

(मुलगी चित्र उजेडाकडे धरते.)

शिंपी : बोल ना काहीतरी. रागाव हवं तर.

मुलगी : आत्या म्हणते, डोळे घारे होते. मामी म्हणते, काळेभोर. मग दोघी माझ्याकडे बघतात, तुला तर आठवत असेलच म्हणून. मी हो म्हणते.

शिंपी : मग कसे होते?

मुलगी : मला काहीच आठवत नाही, बाबा. मला वाटायचं, अशी मी एकटीच.

हवालदार : वेळ झाली हो... बसा, बसा. माझं घड्याळ जरा पुढेच असतं.

मुलगी : दाराशी बसून गप्प असायची ती?

शिंपी : गप्प? अखंड बोलायची. मशीनच्या घरघरीत मला निम्मं ऐकूच यायचं नाही.

मुलगी : ऐकू आलं तेवढं सांगा.