लिलावातली पिकअप

बायको गेल्यापासून दवाखान्यात तपासणीला मी एकटाच जातो. परवा शेजारच्या बाकावर ऑपरेशनचे कपडे घातलेले एक आजोबा आणि त्यांची बायको बसली होती.

"मला काही झालं, तरी लष्कराच्या लिलावातली आपली पिकअप विकू नकोस."

"फुकट दिली तरी भंगारवाला नेत नाही ती."

"तिला किल्ली नाही. बटण दाबायचं आणि स्टार्टरवर हातोडी मारायची."

"आज तुम्हाला तिच्यातून कोणी आणलं?"

"हातोडी कुठाय?"

"पर्समध्ये."

"हळू मारलीस ना?"

"तुमच्या डोक्यात घालावीशी वाटते, त्यापेक्षा हळूच."

"मला दारात उतरवून लावलीस कुठे?"

"भिंतीला नाक टेकवून."

"अगं, रिव्हर्स टाकला की शेजारी बसून कुणालातरी गिअरचा दांडा धरून ठेवावा लागतो! एकटी कशी काढशील?"

"ठाऊक आहे मला. तुम्ही बाहेर या, मग काढू."